नांदीपुरता खून

चित्रपटाचा प्रारंभ हा पुढे येणाऱ्या चित्रपटासाठी असतो, हे गृहीतक इतके जुने आणि उघड आहे की ते सिद्ध करण्याच्या भानगडीत कोणी पडलेले नाही. तथापि इंग्लंडमधील सोळा-सतरा वर्षांच्या विद्यार्थ्यांनी २००८ पासून पुढे जवळजवळ दशकभर, दरवर्षी न चुकता, ते खोटे ठरवले आणि त्याबद्दल गुणही मिळवले. ओसीआर या परीक्षामंडळाच्या माध्यम-अभ्यास या विषयात, ए-लेव्हलच्या पहिल्या वर्षी, म्हणजे आपल्याकडील अकरावीच्या वयात, एका नव्या कथापटाची श्रेयनामावली आणि प्रारंभ यांचे जास्तीत जास्त दोन मिनिटांचे चित्रण करून देण्याचे काम नेमलेले असे. पुढचा चित्रपट कुठे आहे, हे विचारण्याचा अधिकार कोणालाच नव्हता, कारण तो नव्हताच. नांदी झाली, सूत्रधार येऊन गेला, पडदा वर जाण्याऐवजी खाली आला आणि प्रेक्षक समाधानाने घरी परतला, असा हा प्रकार होय. ‘नमनाला घडाभर तेल’ ही म्हण जेथे दूषण न ठरता अभ्यासक्रम ठरली, असे ठिकाण दुसरे सापडणे कठीण आहे.

प्रारंभ कोणत्याही प्रकारच्या चित्रपटाचा चालत असे, तरी विद्यार्थ्यांचा ओढा थरारपटाकडे आणि त्याला लागूनच राहणाऱ्या भयपटाकडे विलक्षण होता. याची कारणे सौंदर्यशास्त्रात शोधण्यापेक्षा व्यवहारात शोधणे अधिक फलदायी ठरते. विनोदी चित्रपटासाठी विनोद सुचावा लागतो. प्रेमकथेसाठी वर्गातील दोघांना एकमेकांकडे अर्धा मिनिट न हसता पाहावे लागते आणि सतराव्या वर्षी हे काम खुनापेक्षा जोखमीचे असते. ऐतिहासिक पटाला पोशाख आणि घोडे लागतात. थरारपटाला मात्र अंधार, एक धावणारी मुलगी आणि हुडीची टोपी डोक्यावर ओढलेला एक मुलगा एवढे भांडवल पुरते, आणि यांपैकी अंधार तर इंग्लंडमध्ये फुकट मिळतो, कारण डिसेंबरात लंडनचा सूर्य चार वाजायच्या आतच मावळतो आणि शाळा साधारण साडेतीनला सुटते.

थरारपट म्हणजे काय, हे विद्यार्थ्यांचा प्रत्येक गट आपल्या प्रकल्पाच्या नोंदींच्या पहिल्याच पानावर सांगून टाकी: रहस्यपटात ‘हे कोणी केले’ हा प्रश्न असतो, तर थरारपटात ‘आता काय होणार’ हा. या भेदाचे मूळ बहुधा लंडनच्या लेटनस्टोन भागात १८९९ साली जन्मलेल्या आल्फ्रेड हिचकॉकपर्यंत नेले जाते. फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफो याच्याशी झालेल्या प्रदीर्घ मुलाखतीत हिचकॉकने टेबलाखालच्या बॉम्बचा दृष्टान्त दिला होता. टेबलाशी बसलेली माणसे गप्पा मारत असताना बॉम्ब एकाएकी फुटला, तर प्रेक्षकाला पंधरा सेकंदांचा धक्का मिळतो. परंतु बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला आधी कळले आणि गप्पा तशाच चालू राहिल्या, तर पंधरा मिनिटांची उत्कंठा मिळते. हा दृष्टान्त उतरवून घेणाऱ्या विद्यार्थ्याच्या लक्षात हळूहळू येते की आपल्यापाशी एकूण दोनच मिनिटे आहेत, त्यांतली काही सेकंद वितरक कंपनीच्या बोधचिन्हाला, काही निर्मिती कंपनीच्या बोधचिन्हाला आणि उरलेल्यांतली बरीचशी नावांना द्यायची आहेत. पंधरा मिनिटांची उत्कंठा परवडत नाही, आणि धक्का द्यायचा तर बॉम्ब फोडावा लागतो. तेव्हा हिचकॉकला न सुचलेला तिसरा मार्ग निघतो, तो असा की बॉम्ब दाखवायचाही नाही आणि फोडायचाही नाही, केवळ टेबल बराच वेळ दाखवायचे आणि मागे संगीत वाजवायचे.

या कामाच्या शंभर गुणांपैकी वीस नियोजनाला, साठ प्रत्यक्ष निर्मितीला आणि वीस मूल्यमापनाला असत. नियोजनाची सुरुवात संशोधनाने होई, आणि संशोधन म्हणजे आधीच घेतलेल्या निर्णयासाठी पुरावे गोळा करणे, ही जगभरच्या समित्यांना मान्य असलेली व्याख्या येथेही लागू पडे. वर्गमित्रांना प्रश्नावली वाटली जाई. थरारपटात तुम्हाला काय आवडते, असे विचारल्यावर अंधारी जागा, एकटी मुलगी, अनोळखी पाठलाग करणारा आणि ताणलेले संगीत अशी उत्तरे येत, जी प्रश्नातच पर्याय म्हणून छापलेली असत. आणि त्यांचा रंगीत वर्तुळालेख काढून प्रेक्षकांची मागणी सिद्ध केली जाई. प्रश्नावली भरून देणारेही त्याच आठवड्यात आपापली प्रश्नावली वाटत हिंडत असल्याने ही मागणी वर्गाबाहेर फारशी कधी गेलीच नाही.

संशोधनाचा दुसरा भाग म्हणजे गाजलेल्या प्रारंभांचा अभ्यास, आणि त्यात डेव्हिड फिंचरच्या ‘सेव्हन’ (१९९५) या चित्रपटाला वेदतुल्य स्थान होते. काइल कूपरने रचलेल्या त्याच्या सुमारे दोन मिनिटांच्या श्रेयनामावलीत खुन्याचा चेहरा दिसत नाही. दिसतात ते वह्या शिवणारे, कागद कापणारे, पात्याने बोटांची कातडी खरवडणारे त्याचे हात, आणि मध्येच थरथरणारी, फिल्मवर ओरखडल्यासारखी अक्षरे. चेहऱ्याविना, संवादाविना, खोलीच्या एका कोपऱ्यात भागणारा हा थरार पाहून इंग्लंडभरच्या किशोरांनी वर्तमानपत्रे कापली, छायाचित्रांतल्या चेहऱ्यांवर लाल शाईने फुल्या मारल्या आणि झोपण्याच्या खोलीतील भिंतीवर टाचण्या टोचून त्यांना दोऱ्यांनी जोडले. त्या भिंतींच्या मालक असलेल्या मातांचे मत मात्र कोणत्याही वर्तुळालेखात नोंदलेले नाही. येथे एक बारकावा ध्यानात घ्यावा लागतो. ‘सेव्हन’ला ब्रिटनमध्ये अठरा वर्षांवरील प्रेक्षकांसाठीचे प्रमाणपत्र आहे, त्यामुळे तो चित्रपटगृहात जाऊन पाहण्याचे वय वर्गातील बहुतेकांचे झालेलेच नव्हते. वर्गात त्यांना दाखवला गेला तो नेमका प्रारंभ. पुढचा चित्रपट नसलेला प्रारंभ काढायला बसलेल्या मुलांचा आदर्शही, त्यांच्यापुरता, पुढचा चित्रपट नसलेलाच होता.

नियोजनातील पुढची पायरी चित्रफलकाची, म्हणजे प्रत्येक शॉट चौकटीत रेखाटून ठेवण्याची. चौघांच्या गटात एकालाही चित्र काढता येत नाही, हा निसर्गनियम असल्यामुळे चित्रफलकात काडीमाणसे अवतरत. खुनी आणि बळी दोघेही काड्यांचेच असल्याने खुन्याच्या डोक्यावर त्रिकोण काढून ती हुडी मानण्याचा संकेत रूढ झाला. या त्रिकोणाने पुढे मोठेच काम केले. खुन्याचा चेहरा न दाखवण्यामागे गूढता राखण्याचा हेतू असल्याचे सर्व नोंदी सांगतात, परंतु चित्रण तीन-चार संध्याकाळी विभागलेले असताना ज्या संध्याकाळी जो मोकळा असेल त्याने हुडी चढवून खुनी व्हायचे, ही सोय हेच हुडीच्या लोकप्रियतेचे खरे कारण होय. बारकाईने पाहणाऱ्यास जिना चढू लागलेला खुनी वरच्या मजल्यावर पोहोचेपर्यंत तीन-चार इंचांनी वाढलेला आढळतो, आणि क्वचित डावखुराही झालेला असतो.

जोखीम-मूल्यांकन नावाचा एक तक्ताही या टप्प्यावर भरावा लागे. जागेवर कोणते अपघात संभवतात, त्यांची शक्यता किती आणि त्यावर उपाय काय, हे चित्रणापूर्वी लिहून देण्याच्या या पद्धतीमुळे गुन्हेगारी साहित्यात कोठेही न आढळणारा एक सभ्य खुनी जन्माला आला, जो ओल्या पानांवरून बळी घसरू नये म्हणून योग्य पादत्राणांची खात्री करतो, काळोखात धावण्यापूर्वी वाट एकदा चालून पाहतो आणि गळा दाबण्याच्या प्रसंगी प्रौढ व्यक्ती हजर राहील अशी व्यवस्था करतो. सुरीचा प्रश्न अधिक गंभीर होता, कारण सबळ कारणावाचून सार्वजनिक ठिकाणी धारदार पाते जवळ बाळगणे हा इंग्लंडमध्ये १९८८ च्या कायद्याने गुन्हा आहे आणि शाळेचा प्रकल्प हे कारण संध्याकाळी बसथांब्यावर हवालदाराला पटवून देण्याची कोणाचीही तयारी नसे. म्हणून सुरी एकतर स्वयंपाकघरातच राही आणि खून तिच्याकडे चालत येई, अथवा ती पुठ्ठ्याची असे आणि तिला पोळ्या गुंडाळण्याची चंदेरी फॉइल लावलेली असे, जी निर्णायक क्षणी दुमडे.

प्रत्यक्ष चित्रणात उतरल्यावर कळते की चित्रपटकलेची सर्वांत निष्ठुर वस्तू कॅमेरा नसून ट्रायपॉडची चकती आहे. कॅमेऱ्याच्या बुडाला स्क्रूने आवळून मग ट्रायपॉडच्या डोक्यात अडकवायची ही आगपेटीएवढी वस्तू ट्रायपॉडबरोबर कधीच येत नाही; ती शाळेच्या कपाटात, दुसऱ्या गटाने परत केलेल्या दुसऱ्या कॅमेऱ्याला चिकटून बसलेली असते. परिणामी ट्रायपॉड रानापर्यंत वाहून नेला जातो, तेथे उभा केला जातो आणि त्यावर कोट टांगले जातात, तर कॅमेरा हातात धरला जातो. दुसरी अडचण लाल बटणाची. एकदा दाबल्याने चित्रण सुरू आणि पुन्हा दाबल्याने बंद, या योजनेत एक दाब चुकला की पुढील सारा क्रम उलटा होतो: अभिनय चालू असताना कॅमेरा विश्रांती घेतो आणि विश्रांतीच्या वेळी, लोंबत्या हातातून, चिखल तुडवणाऱ्या बुटांचे चित्रण इमानाने करीत राहतो. विद्यार्थ्यांच्या थरारपटांत चालणाऱ्या पावलांचे शॉट इतक्या विपुल संख्येने का आढळतात, याची जी अनेक स्पष्टीकरणे दिली जातात त्यांत हे सर्वांत कमी उद्धृत होणारे आणि सर्वांत विश्वसनीय आहे.

रानातील वाटेवर बळी एकटा असतो, ही कथेची अट. वस्तुस्थिती अशी की इंग्लंडमधील कोणत्याही रानात संध्याकाळी कुत्र्याला फिरवणारा एक गृहस्थ असतोच. तो चौकटीत येतो, काय चालले आहे ते पाहतो, ‘सॉरी’ म्हणतो आणि आणखी वीस पावले चौकटीतूनच चालत जातो. कुत्रा मागे राहून प्रेताचा वास घेतो. प्रेत हसते. प्रेताच्या हसण्यावर अद्याप उपाय सापडलेला नाही; त्याला पालथे झोपवले तर पाठ हलते, लांबून घेतले तर ते प्रेत आहे की विसरलेला कोट हे समजत नाही. रक्ताबाबत परंपरा अधिक समृद्ध आहे. ‘सायको’ (१९६०) मधील स्नानगृहाच्या प्रसंगात चॉकलेटचे सिरप वापरले होते हे सर्वांना ठाऊक असते, परंतु तो चित्रपट कृष्णधवल होता हे सिरप ओतून झाल्यावर आठवते, आणि मग घरातला साखरेचा पाक व तांबडा खाद्यरंग यांच्याकडे वळावे लागते. त्या प्रसंगाच्या ४५ सेकंदांसाठी सात दिवस आणि कॅमेऱ्याच्या सत्तर मांडण्या लागल्या, असे हिचकॉकनेच सांगितले आहे. विद्यार्थी-गटापाशी सात संध्याकाळी असल्या, तरी पहिल्या संध्याकाळी पाने झाडावर असतात, तिसऱ्या संध्याकाळी झाडाखाली, पाचव्या संध्याकाळी बर्फ पडतो आणि सहाव्या दिवशी बळी केस कापून येतो.

संकलनाविषयी फारसे सांगण्यासारखे नाही. सर्व चित्रणावरून निळसर करडी छटा फिरवली जाई, वाऱ्याच्या घोंगावण्यामुळे संवाद ऐकू येत नसल्याने ते काढून टाकले जात, आणि हृदयाच्या ठोक्यांचा ध्वनी घातला जाई. संगीत स्वतः रचलेले किंवा हक्कमुक्त असावे, असा नियम असल्यामुळे एकाच मोफत संग्रहातील एकच कण्हणारे व्हायोलिन अनेक परगण्यांतल्या खुनांना साथ करीत असे. श्रेयनामावली मात्र वेगळी दाद मागते. खऱ्या चित्रपटांच्या प्रारंभी दहा-बारा नावे येतात, गटात माणसे चार. तेव्हा तीच चार नावे क्रम पालटून दिग्दर्शक, निर्माता, छायाचित्रकार, संकलक अशा पदांवर पुन्हा पुन्हा येत राहतात, जसे लहान गावातल्या गणेशोत्सव मंडळाच्या पत्रिकेत घडते. वेशभूषेसाठी एखादीने आईचे नाव दिलेले असे. कोट खरोखरच आईचा असल्यामुळे संपूर्ण नामावलीत निर्विवाद म्हणता येईल असे तेवढेच एक नाव.

येथवर जे घडले त्याला विद्यार्थ्याची कृती म्हणता येईल. त्याची प्रतिभा मात्र मूल्यमापनात प्रकट होते. मूल्यमापन म्हणजे आपल्याच कामाविषयी ठरावीक सात प्रश्नांची उत्तरे देणे. पहिला प्रश्न असा की तुमच्या कृतीने खऱ्या माध्यमकृतींचे संकेत कसे वापरले, विकसित केले किंवा त्यांना आव्हान दिले. यांतील ‘आव्हान’ हा शब्द म्हणजे मंडळाने बुडत्याकडे फेकलेली दोरी होती. जे जमले ते संकेताचा वापर, जे अर्धवट जमले तो विकास आणि जे मुळीच जमले नाही ते आव्हान, अशी त्रिविध विभागणी एकदा मनात बसली की कोणतीही चूक शिल्लक राहत नाही. चकती विसरल्यामुळे हललेला कॅमेरा हा बळीच्या मनातील अस्थैर्य व्यक्त करतो. वाऱ्याने खाल्लेले संवाद म्हणजे आधुनिक माणसाचे एकाकीपण. उंची बदलणारा खुनी हे दुभंगलेल्या व्यक्तिमत्त्वाचे सूचन. बुटांचे चित्रण म्हणजे ओळख लपवणारी चौकट. आणि कुत्रा हा निसर्गाची उदासीनता दाखवण्यासाठी हेतुपुरस्सर योजलेला आहे. ‘हेतुपुरस्सर’ हा या निबंधांचा बीजमंत्र होय. महाराष्ट्रातील ज्या वाचकाने भौतिकशास्त्राच्या प्रयोगवहीत गुरुत्वीय त्वरणाचे ९.८ हे उत्तर आधी लिहून मग त्याला शोभतील अशी लोलकाची आंदोलने मोजली असतील, त्याला ही ज्ञानपरंपरा परकी वाटणार नाही.

सिद्धान्तांचा पाहुणचारही याच उत्तरांत होई. रशियन लोककथांचा अभ्यास करून व्लादिमिर प्रॉप याने १९२८ मध्ये पात्रांच्या सात भूमिका सांगितल्या: खलनायक, दाता, साहाय्यक, राजकन्या व तिचा पिता, पाठवणारा, नायक आणि तोतया नायक. चित्रपटात माणसे दोन, त्यांतला एक पाठमोरा आणि दुसरी लवकरच मरणारी असल्यामुळे उरलेल्या भूमिका वस्तूंना वाटून द्याव्या लागत. रस्त्यावरचा दिवा प्रकाश पुरवतो म्हणून दाता, आणि भिंतीवरील कौटुंबिक छायाचित्र हे राजकन्येचा पिता. फ्रेंच समीक्षक रोलाँ बार्थ याने १९७० मध्ये मांडलेले कूटप्रश्नाचे तत्त्व, म्हणजे कथेने एक कोडे घालून त्याची उकल लांबवत नेणे, मात्र या प्रकाराला तंतोतंत लागू पडते, कारण येथे उकल केवळ लांबत नाही तर ती कधीच होणार नाही याची परीक्षामंडळाने हमी दिलेली आहे. खुनी कोण, हे प्रेक्षकाला ठाऊक नसते, दिग्दर्शकाला नसते, आणि हुडी कोणी केव्हा घातली होती याची नोंद ठेवलेली नसल्याने खुन्यालाही खात्रीने सांगता येत नाही. ब्रिटिश अभ्यासक लॉरा मल्व्ही हिने १९७५ मध्ये मांडलेली पुरुषी दृष्टीची कल्पना, म्हणजे कॅमेरा स्त्रीकडे पुरुषाच्या नजरेने पाहतो हा आक्षेप, सामाजिक प्रतिनिधित्वाच्या प्रश्नाला हमखास उपयोगी पडे. चार मुलींच्या गटाला कोणाचाच भाऊ उसना मिळाला नाही की खुनी स्त्री होई आणि पितृसत्तेला आव्हान दिले जाई.

कृतीचे वितरण कोण करील, या प्रश्नाला वर्किंग टायटल हे उत्तर फार वेळा येत असे. ही कंपनी ब्रिटिश आहे हे खरे, परंतु ती चित्रपट काढणारी संस्था आहे, ते चित्रपटगृहांत पोहोचवणारी नव्हे. शिवाय तिचे नाव घरोघरी झाले ते ‘फोर वेडिंग्ज अँड अ फ्युनरल’ (१९९४) आणि ‘नॉटिंग हिल’ (१९९९) अशा हलक्याफुलक्या प्रेमपटांमुळे, आणि पुठ्ठ्याची सुरी घेऊन कोणी तिच्या दारात उभे राहिले असते तर काय झाले असते, याची कल्पना करणे मनोरंजक आहे. प्रेक्षक कोण, याचे उत्तर त्याहून सोपे. १९८२ पासून ब्रिटनमध्ये पंधरा वर्षांवरील प्रेक्षकांसाठी स्वतंत्र प्रमाणपत्र आहे, आणि प्रत्येक गट अनेक निकष तपासून, रक्त व हिंसेचे प्रमाण मोजून, शेवटी याच प्रमाणपत्रावर येतो, ज्याचे एकमेव खरे कारण असे की गटातील सर्व जण सोळा किंवा सतरा वर्षांचे असतात आणि स्वतःचा चित्रपट पाहण्यास आपणच अपात्र ठरू नये, एवढी दूरदृष्टी त्यांच्यापाशी असते.

सातवा प्रश्न मात्र अवघड. प्रारंभ चित्रित करण्यापूर्वी प्रत्येकाला एक पूर्वतयारीचे काम करावे लागे: एक पात्र दार उघडते, खोली ओलांडते, दुसऱ्या पात्रासमोरच्या खुर्चीत बसते आणि दोघे एकदोन वाक्ये बोलतात. यात सातत्य राखणारे संकलन दिसले पाहिजे, म्हणजे दाराबाहेर मुठीवर ठेवलेला हात आतल्या शॉटमध्ये त्याच हालचालीत पुढे सरकला पाहिजे. आणि १८० अंशांचा नियम पाळला पाहिजे, म्हणजे दोन पात्रांमधून जाणाऱ्या काल्पनिक रेषेच्या एकाच बाजूला कॅमेरा राहिला पाहिजे, अन्यथा समोरासमोर बसलेली माणसे एकाच दिशेला पाहू लागतात आणि वाक्ये भिंतीला ऐकवतात. खून कोणालाही जमतो. दारातून आत येणे जमत नाही. उजव्या हाताने दार ढकलणारा आत डाव्या हाताने येतो, बाहेर गळ्यात असलेला मफलर खुर्चीपर्यंत नाहीसा होतो, आणि चार पावलांची खोली कधी दोन पावलांत संपते तर कधी सातांत. यानंतर दोन महिन्यांनी प्रेत, बर्फ आणि दुमडलेली सुरी हाताळून आलेल्या विद्यार्थ्याला विचारले जाते की त्या कामापासून येथवर तुम्ही काय शिकलात, आणि संपूर्ण मूल्यमापनात ‘हेतुपुरस्सर’ हा शब्द न येणारी जी थोडी वाक्ये सापडतात ती येथे सापडतात: चकती मोजून घ्यावी, लाल दिवा पाहावा, केस कापू नयेत.

गुण मिळाल्यानंतर खुन्याचा शोध थांबे, कारण दुसऱ्या वर्षी नवे काम असे. काही गट संगीताचा व्हिडिओ काढीत आणि मागच्या वर्षीचे प्रेत त्यात ड्रम वाजवताना दिसे. ज्यांचा जीव थरारात अडकलेला असे त्यांच्यासाठी चित्रपटाच्या ट्रेलरचा पर्याय होता, आणि त्याच्या जोडीला बहुधा मासिकाचे मुखपृष्ठ व भित्तिपत्रक केले जाई. अशा रीतीने पहिल्या वर्षी ज्या चित्रपटाला पुढचा भाग नव्हता, तशाच एका चित्रपटाची दुसऱ्या वर्षी जाहिरात होई. भित्तिपत्रकावर तीच हुडी, तेच रान आणि निळसर करड्या आकाशात चार नावे असत, आणि तळाशी मोठ्या अक्षरांत छापलेले असे: लवकरच आपल्या जवळच्या चित्रपटगृहात.